एकाला ‘सोपं’, दुसऱ्याला ‘अन्याय’: शब्दकोड्यावरून माणसं इतकी का चिडतात?

‘आजचं अगदीच सोपं होतं. चहा संपायच्या आत सुटलं.’

‘आजचं कोडं म्हणजे निव्वळ अन्याय आहे.’

ही दोन्ही वाक्यं एकाच सकाळी, एकाच पेपरमधल्या, एकाच शब्दकोड्याबद्दल ऐकायला मिळतात. बोलणारे दोघंही हुशार असतात आणि दोघंही खरं बोलत असतात. मग त्या कोड्यात नेमकं असतं काय, की एकाला ते पोरखेळ वाटतं आणि दुसरा पेन आपटतो?

राशिभविष्याच्या शेजारी छापलेल्या त्या छोट्या चौकटीवर एवढी चर्चा कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ‘हे कोडं कठीण आहे की अन्यायी आहे’ हा वाद आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्या निकालाचे पडसाद रमी आणि फँटसी क्रिकेटच्या ॲपपर्यंत पोचले. त्या खटल्याकडे येऊच. आधी साधा प्रश्न.

कोडं ‘कठीण’ असतं म्हणजे काय?

समजा क्लू आहे, ‘एक फळ (३)’. कंसातला आकडा म्हणजे किती अक्षरं ते. आता मोजा. पपई. फणस. डाळिंब. जांभूळ. अंजीर. मोसंबी. आवळा. सगळी फळंच आणि सगळी तीन अक्षरीच. हा क्लू कठीण आहे का? नाही, तो फक्त मोघम आहे. आडवे-उभे शब्द येऊन भिडेपर्यंत तुम्ही काहीही करू शकत नाही. अशा क्लूवर माणसं चिडत नाहीत, कंटाळतात.

दुसरा क्लू, ‘पक्षी (२)’. जो रोज कोडं सोडवतो तो विचारही न करता ‘खग’ लिहून मोकळा होतो. जो पहिल्यांदा सोडवतोय तो विचारतो, आयुष्यात कधी कुणाला ‘बघ, झाडावर खग बसलाय’ म्हणताना ऐकलंय का? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. इथे अडचण बुद्धीची नाही, ओळखीची आहे. खग, रव, नग, तम, रण, कर असे काही शब्द बोलण्यातून कधीच हद्दपार झालेत, पण शब्दकोड्यात सुखानं नांदतायत. (इंग्रजी कोड्यांत हा मान ओरिओ बिस्किटाला मिळालाय. चार अक्षरं, त्यातले तीन स्वर, कुठेही बसतं.)

आता तिसरा क्लू बघा.

‘गार वाऱ्यात सापडलं शिऱ्याचं सामान (२)’

वाऱ्यात शिरा कुठून आला? थोडा वेळ डोकं खाजवल्यावर कुणीतरी ते वाक्य मोठ्यानं वाचतं. गा-र-वा-ऱ्या-त. मधली दोन अक्षरं, ‘रवा’. उत्तर पहिल्यापासून तुमच्या डोळ्यांसमोर छापलेलं होतं. ‘गार वाऱ्यात’ याचा अर्थ हवामानाशी लावून तुम्ही स्वतःच फसलात.

हा तिसरा प्रकार माणसांना सरळ दोन गटांत विभागतो. काहींना असा क्लू सुटला की दिवसभर पुरेल इतका आनंद होतो. काहींना वाटतं, हे काय, मला शब्द विचारा ना, फसवता कशाला? कठीण असण्याचे हे तिन्ही प्रकार वेगळे आहेत आणि आपण सगळ्यांना मिळून ‘आज कठीण होतं’ एवढंच म्हणतो. वाद तिथून सुरू होतो.

मराठीत ही चौकट भरणं जास्त अवघड का?

शब्दकोडं मुळात इंग्रजीतलं. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन नावाच्या पत्रकारानं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात पहिलं कोडं छापलं. इंग्रजीत २६ अक्षरं. एका चौकोनात एक अक्षर. ‘टी’ हे अक्षर आडव्या शब्दात असलं तर उभ्या शब्दासाठी ‘टी’ असलेले हजारो शब्द हाताशी असतात.

मराठीत एका चौकोनात काय बसतं? काना, मात्रा, वेलांटीसकट अख्खं अक्षर. ‘कि’ वेगळं, ‘की’ वेगळं, ‘कु’ वेगळं. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या आसपास वेगवेगळी अक्षरं होतात. जोडाक्षरं त्यावर.

‘किल्ला’ हा शब्द घ्या. चौकोन दोनच, ‘कि’ आणि ‘ल्ला’. आता त्या ‘ल्ला’मधून उभा जाणारा शब्द शोधा. हल्ला, सल्ला, गल्ला, पल्ला. सगळे तिथेच संपतात. ‘ल्ला’नं सुरू होणारा शब्द मराठीत सापडायचा नाही. उभ्या शब्दाला ‘ल्ला’च्या पुढे खाली न्यायचं असेल तर ‘सल्लागार’ किंवा ‘हल्लाबोल’ अशा दोन-चार शब्दांवरच भिस्त. म्हणजे किल्ला बांधायचा तर सल्लागार लागतोच, असं शब्दकोड्याचं गणित आहे.

म्हणून मराठी कोडं रचणारा माणूस साहजिकच काना-मात्रा नसलेल्या अक्षरांकडे वळतो. र, न, क, त, म, व, ल, स. ही अक्षरं कुठेही जुळतात. मग त्यांच्यापासून बनणारे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि ‘खग’, ‘रव’, ‘नग’ यांची भरती होते. आपण समजतो की कोडं रचणाऱ्याला संस्कृतचा सोस आहे. खरं तर बिचाऱ्याला ‘ग’मधून ‘गवत’ खाली सोडायचं असतं.

मोठे शब्द कमी, काळे चौकोन जास्त. आणि काळे चौकोन जास्त झाले की एक गोम होते. बरीच अक्षरं फक्त आडव्या किंवा फक्त उभ्या शब्दात येतात, त्यांना दुसऱ्या बाजूनं आधारच मिळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कोर्टात तोच उपयोगी पडणार आहे.

ह्रस्व-दीर्घाची मारामारी

मराठी कोड्यांवरच्या तक्रारींमध्ये माझ्या मते सगळ्यात रास्त तक्रार वेलांटीची आहे.

‘कवी’ हा शब्द आज आपण दीर्घ लिहितो. जुनी पुस्तकं उघडलीत तर तिथे ‘कवि’ दिसेल. संस्कृतातून आलेल्या इकारान्त आणि उकारान्त शब्दांचा शेवट मराठीत दीर्घ लिहायचा, हे राज्य सरकारनं १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी पक्कं केलं. पण समासात तोच शब्द पुन्हा ह्रस्व होतो. कवी, पण कविराज. बुद्धी, पण बुद्धिबळ.

आता चौकटीत ‘कवी’ आडवा आला आणि त्याच्या दुसऱ्या चौकोनातून ‘विहीर’ खाली उतरवली, तर काय होईल? एकाच चौकोनात ‘वी’ही हवा आणि ‘वि’ही. जुन्या वळणाचं लिहिणाऱ्या आजोबांना त्यात काही खटकणार नाही. त्यांचा ‘कवि’ विहिरीत बरोबर उतरतो. नातवाला शाळेत ‘कवी’ शिकवलाय, त्याचा अडकतो. तिथे ‘वीणा’ हवी होती. घरातल्या घरात भांडण.

बोलीचंही तसंच. ‘सोने’ लिहायचं की ‘सोनं’? हा लेख ‘सोनं’वाला आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण चौकटीत ‘नेता’ खाली उतरत असेल तर सोन्याला ‘सोने’च व्हावं लागतं, आणि ‘नंदी’ उतरत असेल तर ‘सोनं’. कोडं रचणाऱ्यानं एक पद्धत ठरवून रोज तीच पाळली तर तक्रार येत नाही. सोमवारी सोने आणि मंगळवारी सोनं झालं की येते.

शब्दखेळात तर वेलांटी आणखी महागात पडते. ‘उलटी वाहिली नदी, झाली गरीब (२)’ हा क्लू छान आहे. न-दी उलटं वाचा, दी-न. दीन म्हणजे गरीब. बरोबर बसतं. पण कुणी घाईत ‘उलटी वाहिली नदी, उगवला दिवस (२)’ असं लिहिलं, तर ते चूक. दिवस या अर्थाचा ‘दिन’ ह्रस्व आहे, नदीतली ‘दी’ दीर्घ. ऐकायला दोन्ही सारखे, म्हणून चूक निसटते. आणि सोडवणारा खवळतो, कारण त्यानं नियम पाळला होता.

फसवा, पण खोटं बोलू नका

फसवण्याची ही हौस आपल्याला इंग्रजीतून मिळाली असं समजू नका. महाभारत लिहून घेण्याची कथा आठवते? गणपतीची अट, मी न थांबता लिहिणार. व्यासांची उलट अट, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग व्यास मधूनच एखादा कूट श्लोक टाकत. गणपती अर्थ लावत बसे, तोवर व्यासांचे पुढचे श्लोक तयार. असे ८,८०० श्लोक असल्याचं त्या कथेत सांगितलंय. कोडं घालणारा आणि सोडवणारा यांच्यातला हा करार फार जुना आहे. सोडवणाऱ्याला थांबवायचं, पण कायमचं अडवायचं नाही.

संस्कृतातल्या एका प्रसिद्ध श्लोकात केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद होतो आणि कौरव रडू लागतात. महाभारत माहीत असलेला माणूस गोंधळतो, हे उलटं कसं? मग ‘केशव’ फोडायचा. ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शव’ म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात प्रेत पडलं, कावळा खूश झाला आणि तोंडचा घास गेला म्हणून कोल्हे रडले. आजच्या इंग्रजी पेपरांतल्या ‘क्रिप्टिक’ कोड्यांत हाच खेळ चालतो.

मराठीत या खेळाला कच्चा माल भरपूर आहे. श्लेष तर शाळेपासून ओळखीचा. ‘हात म्हणा, नाहीतर सरकारला भरा (२)’ म्हणजे कर. शब्दाला शब्द जोडायचा तर ‘गाडीपाठोपाठ ओझं आलं की आली सारी व्यवस्था (४)’, कार अधिक भार, कारभार. इंग्रजीत अक्षरं ढवळून नवा शब्द करण्याचा प्रकार जास्त चालतो. मराठीत तो तितकासा रंगत नाही, कारण काना-मात्रा अक्षराला चिकटून येतात आणि ढवळायला मोकळी अक्षरं उरत नाहीत. आपल्याकडे तोडणं, जोडणं, उलटवणं आणि दोन अर्थ काढणं जास्त शोभतं. तरी बहुतेक मराठी रोजच्या कोड्यांत अजून समानार्थी शब्दच विचारले जातात. हा मोठा तोटा आहे, असं मला वाटतं.

पण शब्दखेळ करायचा तर नियम हवेत. इंग्लंडमध्ये यावर चक्क तत्त्वज्ञान तयार झालं. ‘अफ्रिट’ या टोपणनावानं कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ साली मांडलेला नियम आजही सांगितला जातो. त्याचा सारांश असा: कोडं रचणाऱ्यानं वरवर वेगळाच अर्थ दाखवला तरी चालेल, पण त्याच्या शब्दांतून खरा अर्थ निघालाच पाहिजे. ‘झिमेनीस’ या नावानं लिहिणारे डी. एस. मॅकनट यांनी पुढे १९६६ मध्ये या शिस्तीवर अख्खं पुस्तक लिहिलं.

आपला रव्याचा क्लू या कसोटीवर लावून बघा. ‘गार वाऱ्यात सापडलं’ ही कृती. ‘शिऱ्याचं सामान’ हा अर्थ. एकही शब्द फुकट नाही. उत्तर कळल्यावर ‘हो, हेच आणि दुसरं काहीच नाही’ असं वाटतं. न्याय्य क्लूची खूण हीच. सुटायला तास लागला तरी चालेल, सुटल्यावर शंका उरता कामा नये.

उत्तर बघितल्यावर तुमच्या तोंडून ‘अरे हो!’ निघालं तर क्लू कठीण होता. ‘हे कसं काय?’ निघालं तर गडबड क्लूमध्येच असण्याची शक्यता जास्त.

दिघ्यातला माणूस आणि घाटंजीतला माणूस

आता ओळखीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘ठाणे आणि ऐरोलीच्या मधलं स्टेशन (४)’. मी दिघ्याची, मला हा क्लू झोपेत सुटेल. दिघा गाव. पण १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन होईपर्यंत या दोघांच्या मध्ये स्टेशनच नव्हतं. जो त्याआधी ट्रान्स हार्बरनं फिरलाय आणि नंतर नाही, तो शपथेवर सांगेल की ठाण्यानंतर थेट ऐरोली. नागपूरच्या माणसाला यातलं काहीच ठाऊक असायचं कारण नाही. त्याला ‘झणझणीत नागपुरी रस्सा (३)’ विचारा, तो ‘सावजी’ लिहून पुढे जाईल.

म्हणजे स्थानिक शब्द कोड्यात घालूच नयेत का? घालावेत, पण आधार देऊन. ‘दिघा’ आडवा आणि त्याच्या ‘घा’मधून ‘घागर’ खाली येत असेल, तर नागपूरकर घागरीवरून ‘घा’ मिळवेल आणि निदान अंदाज बांधेल. पण त्याच ‘घा’मधून ‘यवतमाळ जिल्ह्यातला तालुका (३)’ म्हणजे ‘घाटंजी’ उतरवला, तर? दिघ्यातल्या माणसाला घाटंजी सुचत नाही, घाटंजीतल्याला दिघा ठाऊक नाही आणि पुण्यातल्याला दोन्ही माहीत नाहीत. तो चौकोन रिकामाच राहतो.

अमेरिकेत अशा चौकोनाला नावच आहे, ‘नॅटिक’. नॅटिक हे मॅसॅच्युसेट्समधलं एक गाव. बोस्टन मॅरेथॉन तिथून जाते. २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका कोड्यात या गावाचं नाव एन. सी. वायथ या चित्रकाराच्या नावाला छेद देत होतं, नेमकं ‘एन’ या अक्षरावर. ज्याला गावही माहीत नाही आणि चित्रकाराची आद्याक्षरंही माहीत नाहीत, त्यानं ते अक्षर लिहायचं कशाच्या जोरावर? सोडवणाऱ्यांनी इतका संताप केला की तेव्हापासून दोन अनोळखी नावांच्या अशा छेदाला ‘नॅटिक’ म्हणायची पद्धत पडली.

‘शब्द महाराष्ट्र शब्दकोशात आहे ना, मग झालं’ असा बचाव आपल्याकडे नेहमी केला जातो. पण एखादा शब्द कोशात असणं आणि तो सोडवणाऱ्याच्या आवाक्यात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोशात तर सगळंच असतं. अवघड शब्द जरूर घाला, फक्त त्याला छेदणारे शब्द सोपे ठेवा.

आणि आता कोर्टाची पायरी

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. पेपरात कूपन छापून यायचं. ते भरायचं, फी जोडायची, पाठवायचं. तुमचं उत्तर आयोजकांच्या उत्तराशी जुळलं तर रोख बक्षीस.

या कोड्यांची गंमत, खरं तर गोम, कशात होती ते एका उदाहरणानं सांगते. उदाहरण माझंच आहे. ‘म्हातारपणी याचाच खरा आधार (२)’, आणि दुसरं अक्षर छापून दिलंय, ‘न’. तुम्ही काय लिहाल? धन? जन? मन? तिन्ही बसतात. तिन्हींसाठी भांडता येईल. आणि त्या पहिल्या चौकोनातून एकही उभा शब्द जात नाही. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा तो हाच. दुसऱ्या बाजूनं पडताळा नाही. मग बरोबर उत्तर कोणतं? आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या कागदावर असेल ते.

अशा दहा जागा आणि प्रत्येक जागी फक्त दोन पर्याय धरले तरी १,०२४ वेगवेगळी उत्तरं होतात. एकाच उत्तरावर बक्षीस. बाकीच्या १,०२३ जणांनी कमी विचार केला होता का?

मुंबई राज्यानं १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. पण राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पेपरांतल्या स्पर्धा त्यातून सुटत होत्या. बेंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पेपरातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ ही स्पर्धा चालायची आणि मुंबई राज्यात तिचा मोठा प्रसार होता. १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा बाहेरच्या पेपरांनाही त्यात ओढलं गेलं आणि आयोजक मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे ते जिंकले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दरम्यान १९५५ मध्ये संसदेनंही बक्षीस-स्पर्धा कायदा केला. त्याच्या व्याख्येत शब्दकोड्याचं नाव थेट घातलेलं आहे. महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षिसं देता येणार नाहीत, एका स्पर्धेत २,००० पेक्षा जास्त प्रवेशिका घेता येणार नाहीत, आणि त्या मर्यादेतही परवाना हवा. थोडक्यात, धंदा बंद. यालाही आव्हान दिलं गेलं.

९ एप्रिल १९५७ रोजी दोन्ही प्रकरणांचे निकाल आले. मुंबईच्या प्रकरणात सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. कारण वाचलं तर रोज पेपरातलं कोडं सोडवणारा माणूस मान डोलावेल. तुमचं उत्तर कितीही चांगलं असो, ते आयोजकांच्या ठरलेल्या उत्तराशी जुळलं तरच बक्षीस. मग जिंकणं बुद्धीवर अवलंबून राहिलंच नाही. तो जुगार झाला, आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही.

दुसऱ्या निकालात न्यायालयानं रेष आखून दिली. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच प्रमाणात कौशल्यावर अवलंबून आहे ती वेगळी, आणि जिथे तसं नाही ती वेगळी. १९५५ चा कायदा दुसऱ्या प्रकारालाच लागू.

‘कौशल्य की नशीब’ ही रेष पुढे फार लांब गेली. रमीच्या १९६७ च्या निकालात ती वापरली गेली, नंतर फँटसी क्रिकेटच्या ॲपच्या बाजूनं लढणाऱ्या वकिलांनीही तिचाच आधार घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि त्यात हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावले तर बंदी. फोनवर तुम्ही कधी अकरा खेळाडू निवडले असतील, तर त्या ॲपच्या कायदेशीर बचावाच्या मुळाशी एक शब्दकोडं होतं, हे माहीत असू द्या.

मग आज बक्षीस नसताना राग का येतो?

पैसे गेले, पण करार राहिला. सोडवणारा रोज वीस-पंचवीस मिनिटं देतो. त्या बदल्यात त्याची अपेक्षा एवढीच, की नीट विचार केला तर उत्तर सापडावं. धन-जन-मन छापाचा क्लू रोजच्या फुकट कोड्यात आला तरी त्याला तेच वाटतं, जे १९५७ मध्ये न्यायाधीशांना वाटलं. माझी बुद्धी इथे कामाचीच नव्हती.

सोपेपणाबद्दलही राग येतो बरं का. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चं कोडं काही मिनिटांत सुटतं, अशी कुरकूर सुरू होती. पेपरानं जानेवारी १९४२ मध्ये स्पर्धा लावली, १२ मिनिटांत सोडवून दाखवा. पाच जणांनी वेळेत संपवलं, त्यातला एक स्पेलिंग चुकल्यानं बाद झाला. (बघा, वेलांटीचं दुखणं तिकडेही आहे.) पुढे भाग घेतलेल्यांपैकी काहींना युद्धकार्यालयाकडून बोलावणं आलं आणि ते ब्लेचली पार्कला शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर लागले.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नं यावर वेगळा तोडगा काढला. हाच पेपर १९२४ मध्ये शब्दकोड्यांना वेळेचा अपव्यय म्हणून झोडपत होता. १९४२ मध्ये त्यानं स्वतःच कोडं सुरू केलं. तिथे सोमवारचं कोडं सगळ्यात सोपं असतं आणि शनिवारपर्यंत ते चढत जातं. त्यामुळे शनिवारी सुटलं नाही तर माणूस स्वतःला कमी लेखत नाही आणि सोमवारी सुटलं तर फार फुशारकी मारत नाही. मराठी पेपरांना हे सहज जमण्यासारखं आहे. वार छापलेला असतोच, शेजारी ‘सोपं’, ‘मध्यम’, ‘कठीण’ लिहायला शाई किती लागणार?

काठिण्य आधी सांगितलं नाही की माणसं कारस्थान शोधतात. २०२२ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं वर्डल विकत घेतलं, तेव्हा काही आठवड्यांतच जगभर ओरड झाली की खेळ मुद्दाम कठीण केलाय. पेपरानं सांगितलं, तसं काही केलेलं नाही. पण ज्यांची विजयाची मालिका तुटली होती, त्यांना ते पटणं अवघडच होतं.

उद्या सकाळी कोडं सोडवताना अडलात तर चिडण्याआधी तो चौकोन नीट बघा. त्यातून दुसरा शब्द जातोय का? जात असेल, तर तो आधी सोडवा. जात नसेल आणि दोन उत्तरं सारखीच चांगली बसत असतील, तर खुशाल चिडा.

आणि हा एक क्लू आमच्याकडून, काठिण्य सोमवारचं:

‘मध्य रेल्वेवर ठाण्यानंतरचं स्टेशन सांगून टाका (३)’

उत्तर इथे छापत नाही. सुचलं की आम्हाला कळवा.